महाविद्यालय आधी, विद्यापीठ नंतर : एका जुन्या वाटेचा इतिहास

दहावीचा निकाल लागला म्हणजे बेलापूर पट्टीपासून उरणपर्यंतच्या आपल्या आगरी घरांतून हल्ली एक प्रश्न हटकून विचारला जातो. मुलास अथवा मुलीस अकरावी-बारावीस घालावे, की तंत्रनिकेतनात पदविकेस घालावे? घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे मत बहुधा असे पडते की, डिप्लोमा हे कमी प्रतीचे शिक्षण. विद्यापीठाचा खरा दरवाजा बारावीचाच, आणि पदविका घेऊन जो पुढे पदवीस जातो तो मागल्या दाराने आत शिरतो. हे मत इतक्या सहजपणे बोलून दाखविले जाते की, ते ऐकून कितीतरी होतकरू मुले मनातल्या मनात खट्टू होतात. आमच्या मते हे मत इतिहासास धरून नाही. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांची हकिकत पाहिली तर तेही आधी महाविद्यालयात शिकले आणि मग विद्यापीठाच्या दारी उमेदवार म्हणून उभे राहिले असे दिसून येते. ह्या गोष्टीचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

मुंबई इलाख्यात महाविद्यालय विद्यापीठाच्या आधी आले, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्यांच्या नावाने अध्यापक नेमण्यासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. ह्या निधीतून विलायतेहून ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक १८३५ साली आले. आपले बाळशास्त्री जांभेकर त्याच कामी साहाय्यक प्राध्यापक होते. १८४० मध्ये हे वर्ग आणि नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा ही एकत्र करून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. शाळा आणि कॉलेज तेथे एकाच संस्थेत होते. शाळेच्या वर्गातला हुशार मुलगा वयाच्या मानाने फार लवकर कॉलेजच्या वर्गात बसे. मध्ये आजच्यासारखी मंडळाची परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती आणि अर्जाच्या खिडकीपुढे रांगही नव्हती. पुढे १८५६ मध्ये कॉलेज आणि हायस्कूल वेगळे करण्यात आले.

परंतु ह्या मंडळींना पदवी कोण देणार? पदवी देणारी संस्थाच नव्हती. दादाभाई नौरोजी ह्याच संस्थेत शिकले आणि पुढे ह्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. पण विद्यार्थी म्हणून त्यांना कोणतीच विद्यापीठीय पदवी मिळाली नाही. शिकवावयास पात्र, पण पदवी नाही, अशी ती अवस्था होती. ग्रँट मेडिकल कॉलेजची गोष्टही तशीच. ते १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये तेथून पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या नावापुढे जी पात्रता लागे ती त्या कॉलेजची होती. विद्यापीठ स्थापन होण्यास त्यानंतर सहा वर्षांचा अवधी होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर भाऊ दाजी हे पदविकाधारकच म्हणावे लागतील. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

१८५७ च्या जुलैच्या १८ तारखेस मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हे विद्यापीठ लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. त्याने स्वतः शिकवावयाचे नव्हते. परीक्षा घ्यावयाची, उत्तीर्ण झालेल्यास पदवी द्यावयाची, एवढेच त्याचे काम. आता प्रश्न असा आला की, जे विद्यार्थी अगोदरच कॉलेजात दोन-दोन, तीन-तीन वर्षे शिकून बसले आहेत, त्यांचे काय करावयाचे? त्यांना कॉलेजच्या शिक्षणाची सूट देऊन थेट पदवीच्या परीक्षेस बसू द्यावयाचे, की नव्या मुलांबरोबर दारातल्या परीक्षेस बसवावयाचे? विद्यापीठाने दुसरा मार्ग पत्करला. पदवी पाहिजे असेल तर प्रवेश परीक्षा दिली पाहिजे, मग उमेदवार शाळेतला असो की कॉलेजातला.

ही प्रवेश परीक्षा म्हणजेच पुढे खेडोपाडी ‘मॅट्रिक’ ह्या नावाने ओळखली गेलेली परीक्षा होय. पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. १३२ जण बसले आणि उत्तीर्ण झाले अवघे २२. म्हणजे सहा उमेदवारांत एकाचाच पाय आत पडला, पाच माघारी गेले. आजच्या प्रवेशयाद्यांविषयी आपण जी हळहळ करतो ती करताना हा आकडा आठवावा. त्या २२ जणांत सतरा वर्षांचे महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. जाहीर झाले ते चौघे : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्यांपैकी भांडारकरांचे उदाहरण आमच्या मुद्द्यास विशेष लागू पडते. त्यांचा जन्म १८३७ चा. विद्यापीठाचा कायदा होण्यापूर्वीच ते एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते. तरीही पदवीसाठी त्यांना विद्यापीठाच्या सर्व पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागल्या आणि बी.ए. झाले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या घरात होते. ज्या विद्यापीठाने त्यांना असे दारात उभे केले, त्याच विद्यापीठाचे ते १८९३ मध्ये कुलगुरू झाले!

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विद्यापीठाने ह्या मंडळींवर अन्याय केला, असे आम्हांस वाटत नाही. नव्या संस्थेस आपला मापदंड एकच ठेवावा लागतो. परंतु ‘जो आधीच शिकला आहे त्याला दारात काय म्हणावयाचे?’ हा प्रश्न तेव्हापासून जो सुरू झाला तो आजतागायत सुटलेला नाही. निरनिराळ्या काळी त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि उत्तर बदलले की मुलांचे नशीब बदलले.

परदेशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. त्या योजनेस ते ‘अर्ली कॉलेज’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्स राज्यात ह्याच हेतूने काढलेले सायमन्स रॉक हे कॉलेज १९६६ पासून चालले. न्यूयॉर्कमध्ये बार्ड कॉलेजने शहराच्या शाळाखात्याबरोबर अशी शाळा २००१ मध्ये काढली. ही मुले पुढे सरकारी विद्यापीठाकडे अर्ज करतात तेव्हा तेथेही प्रश्न उभा राहतो : हा नवा विद्यार्थी, की दुसऱ्या कॉलेजातून आलेला? कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम असा की, शाळेत असताना कॉलेजचे कितीही विषय केलेले असोत, अर्ज करताना तो विद्यार्थी प्रथम वर्षाचाच उमेदवार समजला जातो. म्हणजे १८५९ मध्ये मुंबईने भांडारकरांस जे उत्तर दिले, जवळजवळ तेच. आपल्या समाजातील काही कुटुंबे आता तिकडे स्थायिक झाली आहेत, म्हणून हा उल्लेख केला.

आता आपल्या घराकडे वळू. १८५९ च्या त्या २२ नावांत आपल्या समाजाचे कोणी नव्हते, हे सांगावयास नकोच. आगर म्हणजे मिठागर. मीठ पिकविणारे, खाजणात बांध घालून भात लावणारे आपले पूर्वज. खाडीच्या पलीकडे मुंबईचे दिवे दिसत, पण विद्यापीठ दिसत नव्हते. शाळा असली तर लोकल बोर्डाची, चौथीपर्यंतची किंवा फार तर सातवीपर्यंतची. सातवीची ‘फायनल’ पास झालेला मनुष्य गावात विद्वान गणला जाई आणि बहुधा मास्तर होई. कुलाबा जिल्ह्यात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटील ह्यांनी त्याचे नेतृत्व केले. ज्या लोकांना स्वतःच्या कष्टाचे भात घरात आणण्यासाठी सहा वर्षे जमीन पडीक ठेवावी लागली, त्यांच्या मुलांनी मॅट्रिकची फी कोठून भरावी?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन तिच्या जागी १९४९ पासून शालान्त परीक्षा, म्हणजे एस.एस.सी., आली; पण लोकांनी तिला मॅट्रिकच म्हणावयाचे चालू ठेवले. ही परीक्षा अकरावीच्या अखेरीस होई. ती झाली की विद्यार्थी थेट कॉलेजात जाई आणि चार वर्षांनी पदवीधर होई. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कॉलेजकुमार! परंतु कॉलेज होते कोठे? बेलापूर पट्टीतल्या मुलास ठाण्याच्या वाटेने मुंबई गाठावी लागे. उरणच्या मुलास मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँच. पावसाळ्यात खाडी खवळली म्हणजे तास बुडे. खोली घेऊन राहावयास पैसा नाही, नातेवाइकाच्या खोलीत आधीच आठ माणसे. ह्यातूनही काही जण पुढे गेले. जासईचे दि. बा. पाटील ह्यांचा जन्म १९२६ चा. ते वकील झाले, १९५७ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि पुढे लोकसभेतही गेले. पण अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीच्यांचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. आम्ही त्यांपैकीच एक. मॅट्रिकनंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो.

मग एकाच दशकात दोन गोष्टी घडल्या. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलीस निघाले. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला आणि मुंबई एकाएकी जवळ आली. १९७९ मध्ये वाशीस कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय निघाले. जमीन जाण्याचा आणि कॉलेज येण्याचा काळ असा एकच होता. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेताचा बांध हाच आधार होता तेथे आता मुलाच्या हातात काय द्यावयाचे हा प्रश्न पडला. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. त्या इतिहासावर स्मरणिकेच्या मागील अंकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

दुसरी घटना तितकी गाजली नाही, पण तिचा परिणाम दूरवर झाला. १९७५ च्या मार्चमध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी ह्या दोन्ही शालान्त परीक्षा एकाच वेळी घेण्यात आल्या. आम्ही जुन्या अकरावीच्या त्या शेवटच्या तुकडीतले. आमच्याहून एक इयत्ता खाली असलेली मुले आमच्या बरोबरीने पास होऊन बाहेर पडली आणि नव्या पद्धतीत गेली. दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला. पूर्वी विद्यापीठाच्या छत्राखाली असलेली कॉलेजची आरंभीची वर्षे आता अकरावी-बारावी झाली आणि विद्यापीठाकडून निघून मंडळाकडे आली. नाव मात्र ‘ज्युनियर कॉलेज’ असेच राहिले. इमारत कॉलेजची, प्राध्यापक कॉलेजचे, परीक्षा शाळेच्या मंडळाची, अशी ही मिश्र व्यवस्था. १८५६ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये जी शाळा आणि जे कॉलेज अलग केले गेले, ते सव्वाशे वर्षांनी पुन्हा एका छपराखाली आले असे म्हणण्यास हरकत नाही. विद्यापीठाचा दरवाजा त्यामुळे दोन वर्षे पुढे सरकला आणि त्या दोन वर्षांत विज्ञान शाखेच्या मुलांचे सर्व भवितव्य ठरू लागले. खासगी शिकवण्यांचे जे पीक आज वाशी-नेरूळ-पनवेलीत आले आहे त्याचे बी ह्या बदलात आहे.

ह्याच वेळी दहावीनंतरची दुसरी वाट अधिक वाहती झाली. ती तंत्रनिकेतनाची, म्हणजे पॉलिटेक्निकची. ह्या वाटेचा इतिहास लोकांस ठाऊक नाही, म्हणून तिला मागले दार म्हटले जाते. खरा इतिहास असा आहे की, आपल्या राज्यातील स्थापत्य व यंत्रविद्येच्या दोन जुन्या आणि नामांकित संस्था पदवीच्या संस्था म्हणून जन्मल्याच नाहीत. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या. १८५४ मध्ये ते निघाले ते बांधकाम खात्यास हाताखालची माणसे तयार करून देण्यासाठी. त्याचे नावच मुळी ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे होते. आजच्या शब्दांत ते ओव्हरसियर घडविणारे तंत्रनिकेतनच होय. १८६० च्या दशकात ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. त्यानंतरही विद्यापीठ जी पात्रता देई तिचे नाव बॅचलर नव्हते. ते लायसेन्शिएट, म्हणजे परवानाधारक, असे होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुराहून बी.ए. होऊन पुण्यास आले आणि १८८३ मध्ये हीच एल.सी.ई. पात्रता घेऊन बाहेर पडले. हाताखालची माणसे पुरविण्यासाठी निघालेला तो वर्ग २०२२ मध्ये कायद्याने स्वतंत्र राज्य विद्यापीठ झाला. आज त्याचे नाव सी.ओ.ई.पी. तंत्रशास्त्र विद्यापीठ असे आहे.

मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.चेही तसेच. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भायखळ्यास ती संस्था निघाली, १९२३ मध्ये माटुंग्यास आली. तिचे एल.एम.ई. आणि एल.ई.ई. झालेले लोक गिरण्यांतून, रेल्वेच्या कारखान्यांतून आणि वीज कंपन्यांतून कामाला लागत. विद्यापीठाच्या पदवीचे अभ्यासक्रम तेथे १९४६ मध्ये, म्हणजे संस्था निघाल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी आले. १९९७ मध्ये संस्थेस वीरमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले. तेव्हा पदविका ही पदवीची खालची बहीण, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की वयाने ती थोरली आहे.

आपल्याकडे शासकीय तंत्रनिकेतन म्हणजे आधी बांद्र्याचे. वाशीस फादर ॲग्नेल ह्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे तंत्रनिकेतन झाले आणि बेलापुरासही एक निघाले, तेव्हा आपल्या मुलांची पायपीट वाचली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. त्याच वर्षी नेरूळला रामराव आदिक ह्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ऐरोलीपासून पनवेलीपर्यंत अशा महाविद्यालयांची रांग लागली. १९८९ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ कायद्याने स्थापन झाले.

पदविकेच्या वाटेचा हिशेब साधा आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. मग अभियांत्रिकीच्या पदवीस थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षे. एकूण सहा. बारावीवरून जाणाऱ्याची दोन अधिक चार, तीही सहाच. वर्ष वाया जात नाही आणि वाचतही नाही. फरक आहे तो मधल्या थांब्याचा. बारावी होऊन थांबलेल्या मुलाच्या हातात काही नसते. पदविका होऊन थांबलेला मुलगा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात वा न्हावा-शेव्याच्या बंदरात कामास लागू शकतो आणि घरची नड भागली की पुढे शिकू शकतो. ज्या कुटुंबांनी जमीन गमावली आणि मोबदला कधीच संपविला, त्यांस ह्या थांब्याचे मोल फार वाटले ह्यात नवल नाही. येथे विद्यापीठाने १८५९ च्या प्रश्नास निराळे उत्तर दिले आहे हेही वाचकांच्या ध्यानात येईल. आधी शिकलेले एक वर्ष त्याने चक्क जमेस धरले. भांडारकरांना जे मिळाले नाही ते आज आपल्या कोपरखैरण्याच्या मुलास मिळते!

पण ही वाट निवडणाऱ्यांनी तिच्या अडचणीही जाणून घ्याव्यात, कारण त्या कोणी आधी सांगत नाही. वैद्यकीचा दरवाजा ह्या वाटेवर नाही. त्यासाठी बारावीस जीवशास्त्र लागते. दुसरे म्हणजे, थेट दुसऱ्या वर्षासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा नसते. पदविकेचे गुण हेच सर्वस्व. बारावीत घसरलेल्या मुलास सामायिक परीक्षेत सावरण्याची संधी असते. येथे ती नाही. आणि जागा किती? मंजूर जागांच्या दहा टक्के अधिक, शिवाय पहिल्या वर्षात रिकाम्या राहिल्या असतील त्या. साठ जणांची तुकडी असेल तर ह्या दहा टक्क्यांच्या सहा जागा झाल्या. आपला समाज राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. त्या वर्गाचे आरक्षण १९ टक्के. सहा जागांवर हिशेब केला तर वाट्यास जेमतेम एक जागा येते, आणि तिच्यासाठी सबंध महाराष्ट्रातील पदविकाधारक रांगेत असतात. पुण्याच्या किंवा माटुंग्याच्या संस्थेत मागणी असलेल्या शाखेस नव्वदच्या पुढच्या टक्केवारीखेरीज नाव लागत नाही. लहान महाविद्यालयांत मात्र जागा मिळतात. तिसरी अडचण गणिताची. बारावीवरून आलेली मुले पहिल्या वर्षात जे गणित शिकून येतात ते पदविकेच्या मुलांनी पुरते पाहिलेले नसते. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच लाप्लासचे रूपांतर आणि फूरियेची श्रेणी समोर उभी राहते. पदविकेस पहिला आलेला मुलगा येथे अडखळतो आणि आपली वाटच चुकली असे समजतो. वाट चुकलेली नसते. मधले एक वर्षाचे गणित तेवढे राहिलेले असते, आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घेता येते.

चौथी अडचण कागदपत्रांची. शिक्षक म्हणून तिच्याशी आमचा सर्वांत अधिक संबंध आला. आरक्षित जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वीचा पुरावा मागतात. हा पुरावा बहुधा कोठे सापडतो? गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात. आजोबा जर दोन इयत्ता शिकले असतील, तर त्यांचे नाव, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याचे कारण अशा एका ओळीत त्यांचा सारा शैक्षणिक इतिहास तेथे लिहिलेला असतो. कारणाच्या रकान्यात ‘घरकाम’ किंवा ‘शेतीवर’ असे दोन शब्द. त्या ओळीवर आज नातवाचा विद्यापीठातला प्रवेश अवलंबून असतो. काही रजिस्टरांत जातीच्या रकान्यात नुसतेच ‘हिंदू’ लिहिलेले आढळते. काही वाळवीने खाल्ली. काही गावे नव्या शहरात विरली, तेव्हा शाळा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्या आणि दप्तर कोठल्या कपाटात गेले ते सांगणारे शिक्षक निवृत्त झाले.

पनवेल तालुक्यातील आमच्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. मुलगा यंत्रशाखेच्या पदविकेत उत्तम गुणांनी पास झाला. सरकारी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास नाव लागले, पण वैधता प्रमाणपत्र हाती नव्हते. गावच्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांचे नाव नाही. वडिलांचे होते, पण ते १९६७ च्या नंतरचे. घरचे लोक म्हणू लागले, आजोबा शाळेत गेलेच नाहीत. आम्हांस हे पटेना, कारण म्हातारबाबा सही करीत. चौकशी करता असे निघाले की, त्यांच्या लहानपणी त्या गावात शाळाच नव्हती. खाजणाच्या बांधावरून शेजारच्या गावी पोरे शिकावयास जात. त्या गावच्या शाळेत रजिस्टर सापडले. स्वातंत्र्यापूर्वीचे, पाने पिवळी झालेली, शाई फिकट. पण ओळ शाबूत होती. इयत्ता दुसरी, जात आगरी, शाळा सोडण्याचे कारण ‘मिठागरावर’. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दिवशी उतारा दिला आणि तो बेलापूरच्या कोकण भवनात सादर झाला. मुलाचा प्रवेश राहिला. आज तो पदवीधर अभियंता आहे.

ज्यांच्या घरी यंदा नववीत वा दहावीत मूल आहे, मग ते पुढे अकरावीस जावो की पदविकेस, त्यांनी हे काम आताच हाती घ्यावे असे आमचे सांगणे आहे. प्रवेशाच्या हंगामात शाळेतही गर्दी असते आणि कोकण भवनातही. आजोबा किंवा चुलत आजोबा ह्यांपैकी कोण कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, हे घरातील वृद्ध माणसांस विचारून लिहून ठेवावे. आजीस विचारण्यास विसरू नये, कारण माहेरची व सासरची गावे तिलाच नीट आठवतात. रजिस्टराचा उतारा मिळाल्यावर नावाचे व आडनावाचे लेखन मुलाच्या दाखल्याशी ताडून पाहावे. आगरी घरांतून एकाच आजोबांचे आडनाव एका कागदावर ‘पाटील’, दुसऱ्यावर ‘म्हात्रे’ आणि तिसऱ्यावर केवळ बापाचे नाव असे सर्रास आढळते. तसे असल्यास वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे लागते.